शब्दचर्चा : चर्चमधला 'बॅनर' म्हणजे ध्वज, पताका की निशाण?

लेखणी : अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या (इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधून निघालेल्या) माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. वेदीजवळ टांगलेल्या, मिरवणुकीत पुढे नेल्या जाणाऱ्या कापडांना काय म्हणावं? 'बॅनर' लिहिलं की वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यांसमोर येतो.

उभाआडवा : आधी दोन वस्तू वेगळ्या करा. उभ्या कडेने काठीला बांधतात तो ध्वज. आडव्या दांडीवरून खाली सोडतात तो बॅनर. या चर्चचा अधिकृत ध्वज १९४० सालचा आहे. पांढऱ्यावर तांबडा सेंट जॉर्जचा क्रूस, ही इंग्लंडची खूण. काठीकडच्या वरच्या निळ्या चौकोनात नऊ छोटे पांढरे क्रूस, तेही तिरप्या क्रुसाच्या आकारात मांडलेले. तिरपा क्रूस सेंट अँड्र्यूचा, म्हणजे स्कॉटलंडचा. इंग्लंडमध्ये बिशप व्हायला राजनिष्ठेची शपथ आड आली, म्हणून या चर्चचे पहिले बिशप सॅम्युएल सीबरी यांचा अभिषेक १७८४ मध्ये अ‍ॅबरडीनला झाला. नऊचा आकडा १७८९ साली फिलाडेल्फियात चर्चची घटना मंजूर करणाऱ्या नऊ धर्मप्रांतांचा. 'फुली' लिहू नका, खोडल्यासारखं वाटतं.

वसईकर : मग बॅनरला 'निशाण'. पताका म्हटलं की वारकऱ्याच्या खांद्यावरची त्रिकोणी, नाहीतर दोरीला ओवलेली कागदी.

लेखणी : निशाण फार लष्करी नाही का?

वसईकर : आहे, आणि ते चालतं. आडव्या दांडीवरचं कापड हे मुळात रोमन फौजेचंच चिन्ह. कॉन्स्टंटाइनने त्यावर ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरं आणली. बायबलमध्ये निर्गम १७:१५ मध्ये मोशे वेदीला 'याव्हे-निस्सी' (याव्हे माझं निशाण) नाव देतो, त्यातला 'नेस' हा हिब्रू शब्दच गणना २१ मध्ये पितळी साप टांगलेल्या खांबासाठी येतो. उंच धरलेली खूण, हा अर्थ निशाणात आहे. झेंड्यात तो पातळ होतो.

उभाआडवा : ती आद्याक्षरं 'एक्सपी' म्हणून उतरवू नका, ती 'खी' आणि 'ऱ्हो' आहेत. 'आयएचएस'चंही तेच: येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं, मधलं 'ईटा'. संतांची चित्रं सोपी आहेत: शिंपला याकोबाचा, किल्ल्या पेत्राच्या, तलवार पौलाची, पंखांचा सिंह मार्कचा. पेलिकन मात्र समजावून सांगा. छाती टोचून पिलांना रक्त पाजणारा पक्षी म्हणजे स्वतःला अर्पण करणारा ख्रिस्त. कोकराजवळचा (कोकरू म्हणजे ख्रिस्त) तांबड्या क्रुसाचा पांढरा ध्वज पुनरुत्थानाचा, तिथे 'ध्वज'च ठेवा. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, तांबड्या निशाणावर ज्वाला असतात, त्याच आत्म्याच्या. हुतात्म्यांच्या दिवशीही तांबडाच, पण तो रक्ताचा. एकाच रंगाचे दोन अर्थ, त्यामुळे तळटीप लागेल.

गोधडी : पत्रकात बनवण्याची कृती असेल तर दांडी जाते त्या जागेला 'नेफा' म्हणा, नाडीच्या नेफ्यासारखाच तो. अस्तर वरच्या कापडाच्याच ताण्याच्या दिशेत कापायचं, नाहीतर आठवड्याभरात झोळ पडतो. खालच्या दुमडीत बारीक साखळी किंवा दुसरी दांडी घालतात, ती नसेल तर कडा वळतात. फेल्टची अक्षरं नुसती चिकटवली तर उन्हाच्या खिडकीजवळ सुटतात, टाके घालावेत. दांडीच्या दोन टोकांच्या दोऱ्या असमान झाल्या तर अख्खं निशाण तिरकं चालतं.

वसईकर : पहिल्या उल्लेखात 'मिरवणुकीचं निशाण', पुढे नुसतं 'निशाण'. वेदीच्या पुढच्या बाजूचं कापड वेगळं, ते 'वेदीवस्त्र'. आणि 'निशाणी' होऊ देऊ नका, मुद्रितशोधक हमखास करतात.