मदत हवी आहे: एंजलफिशच्या टाकीत सवंगडी कोणते सोडावेत?

नमस्कार मंडळी,

माझ्या टाकीत सध्या दोनच एंजलफिश आहेत, वयाने लहान. त्यांच्या सोबतीला आणखी मासे आणायचे आहेत; पण कोणते, यावर जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. एक जण म्हणतो निऑन टेट्रा बिनधास्त सोडा, दुसरा म्हणतो काही महिन्यांत एकही उरणार नाही. मासे आणून मग काय होतं ते बघण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं, शेवटी जीव आहेत ते.

टाकी ९० × ४० × ४५ सेंमी आहे, म्हणजे हिशेबाने १६२ लिटर. तळ, लाकूड आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी साधारण १४० लिटर भरतं. तापमान २६-२७ अंश, पीएच ७.२. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलते. तळाला मध्यम आकाराचे खडे आहेत, वाळू नाही. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती दाट वाढली आहे.

स्वभावाचं म्हणाल तर खाणं टाकलं की दोघांतला मोठा तिरका होतो, पाठीवरचा पर ताठ करतो आणि धाकट्याला लाकडामागे रेटतो. जखम वगैरे नाही. परवा एक बारीकशी गोगलगाय काचेवरून सरकत होती. मोठ्याने आधी एका डोळ्याने तिला न्याहाळलं, वळून दुसऱ्या डोळ्याने पाहिलं आणि मग नेमकी टोच मारली. ते पाहिल्यापासून निऑनचा विचार करताना पोटात गोळा येतो.

तर माझे प्रश्न असे. निऑन खरंच नकोत का, आणि नको तर थव्याने फिरणारे दुसरे कोणते? तळाला कोरिडोरास हवेत, पण खड्यांवर चालतील का? ओळखीतून गप्पी मिळत आहेत, घ्यावेत का? आणि काचेवरच्या शेवाळासाठी प्लेको आणावा असं सगळेच सांगतात, ते कितपत बरोबर?

प्रतिसाद

माहिती नीट दिलीत, त्यामुळे सांगणं सोपं झालं.

सवंगडी निवडताना आजचा एंजल बघू नका, वर्षभरानंतरचा बघा. पूर्ण वाढलेल्या एंजलचं शरीर १५ सेंमीपर्यंत जातं आणि परांसकट उंची २० सेंमीच्याही वर भरते. निऑन जेमतेम साडेतीन सेंमीचा, अंगाने सडपातळ. एंजल दिसायला कितीही शांत असला तरी सिक्लिड कुळातला आहे. तोंडात मावेल ते खाणारच. काहींच्या टाकीत दोघं वर्षानुवर्षं एकत्र राहतात हे खरं आहे, विशेषतः निऑन आधीपासून असतील आणि एंजल पिल्लू असताना आले असतील तर. पण त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. शिवाय निऑनला २१ ते २५ अंश मानवतं, तुमचं पाणी त्याहून गरम आहे. माझं मत स्पष्ट आहे, निऑन नकोत.

थव्यासाठी लेमन टेट्रा बघा. लांबीला चार-पाच सेंमी, पण अंगाने उंच असल्यामुळे सहज गिळता येत नाही. रमीनोज टेट्रा पाच सेंमीचा होतो आणि गरम पाणी त्याला आवडतं. आणताना मात्र पूर्ण वाढलेलेच आणा. दोन्हींपैकी एकच जात निवडा आणि आठ-दहांचा थवा करा. दोन-दोन, तीन-तीन असे वेगवेगळे टेट्रा आणले की ते बिचकून कोपऱ्यात बसतात.

उलट धोकाही लक्षात घ्या, तो बरेच जण विसरतात. एंजलचे लांब लोंबते पर कुरतडणारे मासे असतात. टायगर बार्ब, सर्पे टेट्रा आणि ब्लॅक स्कर्ट टेट्रा या टाकीत अजिबात नकोत, आकाराने कितीही योग्य वाटले तरी. फाटलेल्या परांना बुरशी लागते आणि मासा खाणं सोडतो.

गप्पी घेऊ नका. त्यांना जड, क्षारयुक्त पाणी मानवतं. पिल्लं तर खाल्ली जातीलच, पण लांब शेपटीचे नरसुद्धा एंजलच्या तावडीतून सुटत नाहीत.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. तळाबद्दल माझ्याकडून.

कोरिडोरास मिशांनी तळ उकरत खाणं शोधतो, तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मध्यम खड्यांवर त्याला हे करताच येत नाही. खाणं खड्यांच्या फटीत जातं, तिथे कुजतं आणि मिशा झिजायला लागतात. पुढच्या निम्म्या भागातले खडे काढून बारीक गुळगुळीत वाळू घाला. तुमच्या तापमानाला स्टर्बाय जात उत्तम, ती २८ अंशांपर्यंत आरामात राहते. पेपर्ड कोरिडोरास थंड पाण्याचा, तो घेऊ नका. किमान सहा आणा.

प्लेकोच्या बाबतीत नाव विचारून घ्या. नुसता 'प्लेको' म्हणून जो मिळतो तो बहुतेकदा ३० सेंमीच्या पुढे वाढतो, तुमच्या टाकीत वळतानाही अडखळेल. ब्रिस्टलनोज प्लेको १२-१३ सेंमीवर थांबतो. एकच ठेवा. लाकूड आहेच, ते तो खरवडतो. पण नुसत्या शेवाळावर त्याचं भागत नाही, उकडलेली काकडी किंवा दुधी द्यावा लागतो.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! निऑनचा विषय संपला. लेमन टेट्रा दहा, स्टर्बाय सहा आणि एक ब्रिस्टलनोज असं ठरवते आहे. आधी वाळू घालून घेते. हे सगळे एकदम आणले तर चालतील का? आणि माझे दोन एंजल नर-मादी निघाले तर?

प्रतिसाद

एकदम आणू नका. फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू दोन लहान माशांच्या घाणीपुरते वाढलेले आहेत. अचानक सतरा मासे आले तर अमोनिया चढेल. आधी टेट्रा, दोन-तीन आठवड्यांनी कोरिडोरास, शेवटी प्लेको. खडे काढतानाही तेच लक्षात ठेवा: थोडे-थोडे काढा, त्यांच्यावरही जिवाणू असतात आणि त्याच दिवशी फिल्टर धुऊ नका. प्रत्येक तुकडी वेगळ्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवूनच मोठ्या टाकीत सोडा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्या माशांबरोबरच येतो. मासे सोडायच्या आधी एंजलना पोटभर खायला घाला आणि दिवा बंद ठेवा.

जोडी जमली तर ती रुंद पान, काच किंवा फिल्टरची नळी साफ करून तिथे अंडी घालते आणि टाकीची ती बाजू अडवते. टेट्रांना दुसरी बाजू उरते, ९० सेंमीत निभावतं. कोरिडोरास मात्र रात्री अंडी खातात, त्यामुळे पिल्लं वाढवायची असतील तर अंड्यांसाठी वेगळी टाकी लागेल. दोघं नर निघाले आणि रेटारेटी वाढली, धाकटा खायलाही बाहेर येईना, तर त्याला दुसरीकडे हलवा. त्यात उशीर करू नका.

आणि एक, कोरिडोरास मधूनच सुसाट वर येऊन हवा गिळून खाली जातात. ते आतड्यातून श्वास घेऊ शकतात, तेव्हा एखाद-दुसऱ्या वेळी दिसलं तर घाबरू नका. सगळे मिळून सारखे वर यायला लागले तर मात्र लगेच अमोनिया तपासा आणि पाणी बदला.