भूल दिल्यावर ‘मी’ कुठे गेलो होतो?

पेठेतला_रिकामटेकडा

मागच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, त्यामुळे पूर्ण भूल. ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटीतल्या) घड्याळात ९ वाजून १० मिनिटं झालेली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं गाव कुठलं, मी म्हटलं वाई, पुढे गणपतीबद्दल काहीतरी सांगणार होतो तेवढ्यात बायको समोर, रूमवरचं घड्याळ १२ ला ५ कमी. मधे काही नाही. म्हणजे अंधार होता, शांतता होती असंही नाही, मधलं पावणेतीन तासांचं कापडच कुणीतरी कापून दोन्ही टोकं शिवून टाकलेली.

आता मुद्दा. झोपेचं असं नसतं. रात्री झोपलो की सकाळी डोळे उघडायच्या आधी कळतं बराच वेळ झालाय, आणि आपण म्हणतोही ‘छान झोप लागली, काही कळलं नाही’. वेदांतवाले हेच वाक्य पकडून म्हणतात की बघा, काही कळलं नाही हे कुणाला तरी कळलंच ना, तो साक्षी, तो गाढ झोपेतही जागा असतो. ठीक आहे. मग माझ्या पावणेतीन तासात हा साक्षी कुठे चहा प्यायला गेलेला? मला तर ‘छान भूल लागली’ असं म्हणावंसंही वाटलं नाही.

माझं मत सरळ आहे. चेतना म्हणजे मेंदूचं काम, मशीन बंद तर काम बंद. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमधे मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने इथर हुंगवून पेशंटची मानेवरची गाठ कापू दिली त्या दिवशीच आत्म्याच्या केसचा निकाल लागला, आपण अजून अपिलात खेळतोय. बोला.

विहिरीतला_मंडूक

आधी तब्येतीची काळजी घ्या, जड उचलू नका.

आता तुमच्या निकालपत्राबद्दल. तुम्ही म्हणता मधे काही नव्हतं. तुम्हाला फक्त एवढंच माहीत आहे की मधलं काही आठवत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हो. गेल्या वर्षीच्या जून महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी तुम्ही काय जेवलात? आठवत नाही ना? मग काय उपाशी होतात?

आणि वेदांत्यांना फक्त झोपच माहिती होती असं नाही. ब्रह्मसूत्रात (वेदांताच्या मूळ ग्रंथात) मूर्च्छेवर वेगळं सूत्र आहे, ३.२.१०, ‘मुग्धेऽर्धसंपत्तिः परिशेषात्’. त्यावर शंकराचार्य चक्क लक्षणं देऊन सांगतात की मूर्च्छा म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्याचा चेहरा शांत, श्वास एका लयीत, बेशुद्धाचं तसं नाही. झोपलेल्याला नुसता हात लावून उठवता येतं, बेशुद्ध माणूस मुद्गराच्या घावानेही उठत नाही. जागृती नाही, स्वप्न नाही, झोप नाही आणि मरणही नाही, मग उरलं काय, तर ही अर्धवट अवस्था. तुमचा ‘झोपेचं असं नसतं’ हा शोध हजारेक वर्षं जुना आहे.

चार्वाकाचा_नातू

मंडूककाका, वर्गीकरण केलं म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही. प्रश्न होता साक्षी कुठे होता. तुमचा साक्षी काही बघतो पण लक्षात ठेवत नाही, काही करत नाही, मागे खूण सोडत नाही. असा साक्षीदार कोर्टात आणला तर जज दोघांनाही बाहेर काढेल.

शिवाय ‘छान झोपलो’ हे वाक्य आठवण आहे हे ठरवलं कुणी? आपल्याच नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांनी, हे तेव्हाच खोडलंय. त्यांचं म्हणणं, उठल्यावर अंग हलकं वाटतं, त्यावरून आपण अंदाज बांधतो की झोप चांगली झाली असणार. आठवण नाही, अनुमान. आणि हे नैयायिक आत्मा मानणारे लोक! तरीही त्यांच्या मते ज्ञान हा आत्म्याला मनाचा संयोग झाला की येणारा गुण, गाढ झोपेत संयोग नाही तर ज्ञानही नाही. तेव्हा ‘भारतीय तत्त्वज्ञान म्हणतं’ असं कुणी सुरू केलं की मी विचारतो, कुठलं?

माझ्या आजोबांचं, म्हणजे चार्वाकांचं, म्हणणं तर याहून सोपं. नागवेलीचं पान हिरवं, चुना पांढरा, सुपारी तपकिरी. चघळा, तोंड लाल. लाल रंग कुठून आला, तो आधी कुठे होता, थुंकल्यावर कुठे जातो, असं विचारत कुणी संन्यास घेत नाही. चेतना तशीच, चार भूतांच्या (पृथ्वी, पाणी, तेज, वारा) मिश्रणातून येते आणि मिश्रण बिघडलं की जाते.

घाटावरचा

थुंकल्यावर कुठं जातो ते आमच्या एष्टी स्टँडच्या भिंतीला इचारा.

विहिरीतला_मंडूक

हाहाहा. पण नातवा, तुझ्या विड्यातच गोची आहे. तोंड लाल झालं हे मला दिसतं, आरशात तुलाही दिसतं. तुला दात दुखतोय हे मात्र मला दिसत नाही, मला दिसतो तुझा सुजलेला गाल. विड्याची लाली बाहेरून मोजता येते, दुखणं आतून असतं. चाल्मर्स नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मधे याच गोष्टीला अवघड प्रश्न म्हटलं, मेंदूत काय घडतं ते सगळं सांगितलंत तरी ते घडताना आतून काहीतरी *वाटतं* का, हे उरतंच. १९९८ मधे त्याच्याशी कॉख नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने पैज लावली होती की २५ वर्षांत चेतनेची मेंदूतली नेमकी खूण सापडेल. २०२३ ला न्यूयॉर्कमधे सगळ्यांसमोर कॉखने वाइनची पेटी आणून दिली. हरला.

चार्वाकाचा_नातू

कॉख मुदत हरला. चाल्मर्सनेही आत्मा सापडला म्हणून वाइन घेतली नाही.

भुलेश्वर

मी भूलतज्ज्ञ आहे, आयडीवरून कळलं असेलच (मुंबईकर नाही, उगाच भुलेश्वरचा समजू नका). धागा दोन दिवस वाचतोय, राहवलं नाही.

धागाकर्ते, तुमच्या बाबतीत बहुतेक काय झालं ते सांगतो. आधी सलाइनमधून मिडाझोलॅम दिलं असेल. त्याने घाबरणं कमी होतं आणि नव्या आठवणी बनायच्या थांबतात. त्यानंतर प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं असतं, अर्ध्याएक मिनिटात माणूस जातो. हे दोन्ही मेंदूतल्या गाबा नावाच्या ब्रेकवर पाय ठेवतात असं समजा. मग स्नायू ढिले करायचं औषध, श्वासनळीत नळी. बऱ्याच ठिकाणी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून एक आकडा बघतात, ० ते १०० मधला, आम्हाला तो ४० ते ६० च्या मधे हवा असतो. पण तो आकडा म्हणजे चेतना नव्हे, गाडीच्या काट्यावरून ड्रायव्हर काय विचार करतोय हे कळत नाही.

आता तुमच्या दोघांच्याही पोटात गोळा आणणारी गोष्ट. १९७७ मधे टन्स्टॉल नावाच्या डॉक्टरने एक साधी युक्ती छापली. स्नायूंचं औषध देण्याआधी एका हाताला बीपीचा पट्टा घट्ट फुगवायचा, म्हणजे औषध त्या हातात पोचत नाही, बाकी सगळं शरीर ढिलं पण तो हात हलू शकतो. मग पेशंटच्या कानाशी म्हणायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ मधे असा एक मोठा अभ्यास आला, वेगवेगळ्या हॉस्पिटलांमधले २६० पेशंट, नळी घातल्यावर १२ जणांनी हात दाबला. त्यातल्या ५ जणांनी पुन्हा दाबून सांगितलं की दुखतंय. नंतर विचारलं तर कुणालाही काहीही आठवत नव्हतं. सगळे तुमच्यासारखंच म्हणणार, कापड कापलं आणि शिवलं.

घाबरू नका. ऑपरेशनमधलं *आठवणारे* फार थोडे असतात, ब्रिटनच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत १९ हजारात एक असं प्रमाण आलं. पण ‘आठवत नाही’ वरून ‘नव्हतं’ असं आम्हीसुद्धा म्हणू शकत नाही. एवढंच सांगायचं होतं.

अबोली_७४

लिहू की नको असं झालं होतं. माझे बाबा स्ट्रोकनंतर १९ दिवस आयसीयूत होते, हाक मारली तर काही नाही, चिमटा काढला तर हात जरा मागे जायचा, तो रिफ्लेक्स आहे असं सांगितलं. मी रोज त्यांना पेपरमधलं क्रिकेट वाचून दाखवायचे. आमच्यातले एक जण म्हणाले कशाला दमतेस, त्यांना काही कळत नाहीये. आणि त्याच खोलीत, त्यांच्या पलंगाशी उभं राहून, घर विकायचं का यावर बोलणी झाली. मीही होते त्यात.

ते गेले. नंतर बऱ्याच वर्षांनी वाचलं की २००६ मधे एड्रियन ओवेन या मेंदूशास्त्रज्ञाच्या टीमने केंब्रिजला एका बेशुद्ध मुलीला स्कॅनरमधे ठेवून सांगितलं, कल्पना कर की तू टेनिस खेळतेस. बाहेरून काही हालचाल नाही पण मेंदूतला हालचाल ठरवायचा भाग निरोगी माणसासारखा उजळला. घरातून फिरतेस अशी कल्पना कर म्हटलं तर दुसरा भाग. २०२४ मधे तर सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जणांचा मेंदू सांगितलेलं ऐकत होता असं आलं. चारात एक.

तुमची चर्चा छान चालू आहे, साक्षी आहे का नाही वगैरे. मला फक्त हे हवंय की घर विकायचं बोलणं त्यांनी ऐकलं नसावं. पण त्यासाठी मला म्हणावं लागतं की मी वाचलेलं क्रिकेटही त्यांनी ऐकलं नाही. दोन्हीतलं एक निवडता येत नाही.

विहिरीतला_मंडूक

ताई, यावर माझ्याकडे सूत्र नाही.

पेठेतला_रिकामटेकडा

अबोलीताई, वाचून गप्प बसलो बराच वेळ.

भुलेश्वर डॉक्टर, तुमचे ते १२ लोक मान्य, पण ते हलक्या भुलेतले असतील, मशीन पूर्ण बंद झालेलं नसेल. माझं झालेलं. माझ्याकडे पुरावा म्हणजे माझा स्वतःचा अनुभव आहे, वाई म्हटलं आणि थेट बायको. हां आता बायको म्हणते की रूमवर आणल्यावर मी दहा मिनिटं काहीबाही बोलत होतो आणि रिकव्हरीतल्या सिस्टरना नाव, वय सगळं बरोबर सांगितलं म्हणे, पण ते औषधाच्या अमलातलं, त्यात मी नव्हतो.

विहिरीतला_मंडूक

थांबा थांबा थांबा. रिकामटेकडे, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा टाकलात आणि वर त्यावर बसलात!

तुम्ही जागे होतात. डोळे उघडे. नाव बरोबर, वय बरोबर, बायकोशी दहा मिनिटं गप्पा. आणि हे सगळं तुमच्या त्या कापून टाकलेल्या कापडात आहे! म्हणजे तुमच्या पावणेतीन तासांतला काही वेळ तरी तुम्ही चक्क शुद्धीवर होतात आणि तो तुम्हाला ‘काहीच नव्हतं’ असाच दिसतो. मग उरलेल्या वेळाबद्दल तुमची साक्ष कुणी का ऐकावी? आणि ‘त्यात मी नव्हतो’ म्हणजे काय, तुमचं वय कुणी सांगितलं, शेजारच्या बेडवरच्याने?

चार्वाकाचा_नातू

मान्य, धागाकर्त्यांची साक्ष फुटली. पण काका, उड्या मारू नका. त्या दहा मिनिटांत त्यांचा मेंदू चालू होता. त्या १२ जणांचाही. अबोलीताईंनी सांगितलेली मुलगीही सापडली ती मेंदूचा भाग उजळला म्हणून. लपलेली चेतना जिथे जिथे सापडली तिथे आधी चालू मेंदू सापडलाय, बंद मेंदूत साक्षी बसलेला अजून कुणी दाखवला नाही. तुम्ही फक्त एवढं सिद्ध केलंत की आठवण हा भरवशाचा पुरावा नाही. मग तोच नियम तुमच्या ‘सुखाने झोपलो’ लाही लावा. त्यांचं ‘काही नव्हतं’ पडलं तर तुमचं ‘कुणीतरी होतं’ पण पडलं, दोन्ही उठल्यावर केलेलं बोलणं.

विहिरीतला_मंडूक

हम्म. हे टोचलं. आत्ता लगेच उत्तर नाही देत. (हरलो असं नाही, कॉखसारखी मुदतही घेत नाही.)

घाटावरचा

म्या काय म्हंतो डाक्टर, जर नंतर ध्यानातच ऱ्हानार न्हाई तर दुखलं काय आन न दुखलं काय?

भुलेश्वर

घाटावरचे, हाच विचार डॉक्टरांनीही केला होता. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांची ऑपरेशनं पुष्कळ ठिकाणी स्नायूंचं औषध आणि जेमतेम भूल देऊन व्हायची. समज असा की बाळाला दुखणं नीट कळत नाही आणि लक्षात तर राहतच नाही. ऑक्सफर्डला कंवलजीत आनंद नावाच्या आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरने १९८७ मधे दाखवलं की वेदनाशामक नीट दिलं तर त्या बाळांच्या रक्तातला ताण कमी होतो आणि ऑपरेशननंतर ती जास्त चांगली सावरतात. त्यानंतर पद्धत बदलत गेली. त्यातल्या एकाही बाळाने मोठं होऊन ‘मला आठवतंय’ म्हटलेलं नाही, तरी आता तसं करायची कुणाची हिंमत नाही.

म्हणून भुलेत असलेल्या पेशंटलाही वेदनेचं औषध वेगळं देतो. साक्षी असो नसो. आणि ओटीत पेशंटच्या वजनावरून विनोद करू नका असं ज्युनियरना मी सांगतो, ते ऐकतात न ऐकतात.

पेठेतला_रिकामटेकडा

धागा बायकोने वाचला. (मी दाखवला नव्हता, टॅब उघडा राहिला.) मग मी विचारलं की त्या दहा मिनिटांत मी नेमकं काय बोलत होतो. इतके दिवस ती ‘काहीबाही’ एवढंच म्हणायची. तर म्हणे मी सारखं विचारत होतो, आई आली का, तिला वाईहून एकटीला येऊ देऊ नका. आई २०११ ला गेली. बायको म्हणते डोळ्यातून पाणी येत होतं आणि मी तिचा हात इतका दाबून धरलेला की बांगडी वाढली.

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. वर मीच लिहिलंय की त्यात मी नव्हतो. ते वाक्य तसंच ठेवतोय, एडिट करत नाही, पण आता वाचवत नाही.

डॉक्टर, एक प्रॅक्टिकल शंका. दुसऱ्या बाजूचा हर्निया दिवाळीनंतर करायचा आहे. बायकोला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगू का?

भुलेश्वर

रिकव्हरीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. रूमवर आणल्यावर करता येईल. पण आधी वहिनींना विचारा, त्यांना ते पुन्हा ऐकायचं आहे का.