दाजीपूर–राधानगरी : गवा सोडून काय पाहिलेत?

राधानगरीच्या जंगलातून परतलेल्या माणसाला घरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : गवा दिसला का? प्रश्नात वावगे काही नाही. १९५८ साली दाजीपूरचे अभयारण्य जाहीर झाले तेच मुळी गव्यांसाठी, आणि १९८५ साली हद्द वाढून त्याचे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी वन्यजीव अभयारण्य झाले, तरी लोकांच्या तोंडी ते अजून ‘गव्यांचे अभयारण्य’च आहे. परंतु २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत राधानगरी आली ती एकट्या गव्याच्या पुण्याईवर नव्हे. कोल्हापूर शहरात वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथून पश्चिमेला घाटमाथा गाठेपर्यंत तो कितीतरी पट वाढतो, आणि त्या पावसावर पोसलेले सदाहरित व निमसदाहरित रान हेच या जागेचे खरे धन आहे.

म्हणून या वेळी विनंती अशी आहे की, गवा वगळून आपल्याला या रानात काय दिसले, काय ऐकू आले, ते ऋतू आणि वेळ यांसह लिहावे. घरट्यांच्या आणि दुर्मीळ झाडांच्या नेमक्या जागा मात्र कृपया लिहू नयेत. त्यामागचे कारण खालच्या एका अनुभवात आलेच आहे.

निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

माझे माहेर जळगावकडचे. आमच्याकडे अंजन म्हणतात तो कोरड्या, खडकाळ डोंगरावरचा, आपट्यासारख्या जुळ्या पानांचा उंच वृक्ष. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघी मैत्रिणी दाजीपूरला गेलो, तेव्हा गाडीत पुढे बसलेल्या वाटाड्या मामांनी एका बुटक्या, काळपट हिरव्या झाडाकडे बोट दाखवून “अंजन फुललाय” असे म्हटले आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी त्यांना हे अंजन नव्हेच, असे ठासून सांगितले. मामा हसून म्हणाले, “बाई, तुमचा अंजन येगळा आसंल. हिला आंजनी म्हना हवं तर. खाली उतरा आन् बघा तरी.”

उतरून पाहिले आणि वाद संपला. पाने समोरासमोर, जाड, चामड्यासारखी. आणि पाने झडून उघड्या पडलेल्या फांदीवरच, जणू कोणी निळी-जांभळी लोकर गुंडाळून ठेवावी तशी फुले. चष्मा काढून अगदी जवळून पाहिले तेव्हा एकेका फुलाच्या चार इवल्या पाकळ्या आणि त्यांतून बाहेर डोकावणारे आठ पुंकेसर मोजता आले. मधमाश्या इतक्या होत्या की झाडच गुणगुणत आहे असे वाटावे.

पुढे मामांनी आणखी दोन झाडे ओळखायला शिकवली. एक जांभूळ, जी आपल्याला ठाऊकच असते. आणि दुसरा पिसा, ज्याची पाने फांदीच्या टोकाशी चक्रासारखी येतात आणि वाऱ्याने उलटली की खालची पांढुरकी बाजू लखलखते. घरी येऊन वाचले तेव्हा समजले की उत्तर सह्याद्रीतील या प्रकारच्या सदाहरित रानाला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत याच तीन झाडांच्या नावाने ओळखतात. मामांना ते पुस्तक ठाऊक नव्हते, पण तीन झाडे त्यांनी बरोबर तीच निवडली होती.

अभियंता, कणकवली

फोंडा घाटातून राधानगरीकडे जाणारा रस्ता अभयारण्याच्या रानातून जातो, त्यामुळे पावसाळ्यात आत प्रवेश बंद असला तरी जुलैचे रान रस्त्यावरून अनुभवता येते. आमची गाडी बंद पडल्यामुळे ते जरा जास्तच अनुभवता आले. दुरुस्ती होईपर्यंतच्या दोन तासांत माझ्या पायांवर सात जळवा निघाल्या. जळू चावते ते कळत नाही. ती गळून पडल्यावरही रक्त वाहत राहते तेव्हा कळते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. हॉटेलवाल्या काकांनी चिमूटभर मीठ दिले आणि “ओढून काढू नका हो” असे बजावले.

त्याच दोन तासांत रस्त्याकडेच्या डबक्यावर झुकलेल्या एका फांदीला पांढऱ्या फेसाचा मुठीएवढा गोळा लटकलेला दिसला. साबणाचा फेस समजून मी हात लावणार होतो, एवढ्यात शेजारच्या पानावरचे ‘पान’ सरकले. तो हिरवागार मलबारी उडता बेडूक होता, बोटांमधल्या नारिंगी-तांबड्या पडद्यांसकट. फेसात अंडी असतात आणि पिले बाहेर पडली की थेट खालच्या पाण्यात टपकतात. डबके आटले तर सगळेच मुसळ केरात, म्हणून जागा निवडण्यातच मादीचे सारे कसब आहे.

औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक, सांगली (मूळ गाव भुदरगड तालुक्यात)

नेमक्या जागा लिहू नका, या सूचनेचे मी मनापासून स्वागत करतो आणि त्याचे कारण एका झाडाच्या निमित्ताने सांगतो. शाळेत असताना, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आमच्या भागातली पोरे सुट्टीत रानात जाऊन एका लहानशा झाडाच्या फांद्या तोडून आणत आणि एक व्यापारी त्या किलोवर विकत घेई. लाकडाचे ओले तुकडे पोत्यांत भरून टेम्पोने जात. कुठे जातात, कशाला जातात, हे विचारले तर “मुंबईला, औषधाला” एवढेच उत्तर मिळे. झाडाला घाण वास येतो म्हणून त्याचे नाव नरक्या. त्याच्याजवळून जातानाही आम्ही नाक धरत असू.

महाविद्यालयात कॅम्प्टोथेसिन या द्रव्याचा धडा आला तेव्हा पाठ्यपुस्तकात तोच नरक्या भेटला. हे द्रव्य प्रथम १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे, हे सांगितले की वर्गातली मुले सावरून बसतात. पुढे १९७२ साली भारतीय संशोधकांना तेच द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले, आणि १९९६ साली त्यावर आधारलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या दोन कर्करोगविरोधी औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळाली. पहिले बीजांडकोशाच्या आणि दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिले जाते. आमच्या गावातून टेम्पो जात होते ते नेमके त्यानंतरच्या वर्षांत.

फांदी तोडली तर नरक्या पुन्हा फुटतो, तसा तो चिवट आहे. परंतु द्रव्याचे प्रमाण मुळांत अधिक असते हे व्यापाऱ्यांना कळले आणि झाडे मुळासकट उपटली जाऊ लागली. मग फुटायला राहणार काय? मी दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन परवानगीने अभयारण्यात गेलो, तेव्हा मनगटाएवढ्या जाडीचे एक झाड दाखवता आले. एका विद्यार्थिनीने पान चुरडून हुंगले आणि तोंड वाकडे केले. तिच्या मावशीला यातलेच एक औषध चालू होते, हे तिने परतीच्या वाटेवर सांगितले.

(वर निवृत्त शिक्षिकांनी ज्या मामांचा उल्लेख केला आहे, त्यांच्यासारखी माणसे आमच्या वनस्पतीशोधाच्या सहलींतले खरे गुरू असतात, हे जाता जाता नमूद करतो.)

वाहनचालक, पुणे (गाव अभयारण्याच्या सीमेवर)

नियम मोडतो, माफी असावी. गवा वगळून लिहा असे शहरातला माणूस म्हणू शकतो. आम्ही वगळले तरी गवा आम्हाला वगळत नाही.

आमचे शेत रानाला लागून आहे. भात, नाचणी आणि अलीकडे थोडा ऊस. दहावीच्या वर्षी मी आजोबांबरोबर माळ्यावर राखणीला होतो. पहाटे नाचणीच्या कडेला कोणीतरी भाता ओढावा तसा श्वास ऐकू आला, आणि मग ओल्या गोठ्यासारखा वास. आजोबांनी माझे मनगट घट्ट धरले. वीस पावलांवर तो उभा होता. काळाकुळकुळीत नर, खांदा माणसाच्या उंचीचा, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे इतके स्वच्छ की आत्ताच घातले असावेत. त्याच्यामागे तपकिरी गाई आणि एक वासरू. आजोबा ओरडले नाहीत, डबा वाजवला नाही, फक्त पुटपुटले, “खा बाबा, पन तुडवू नगंस.” त्याने दोन्ही केले.

त्या वर्षीच्या नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही वेळेत दिला होता. पंचनाम्याला माणूस आला तोवर आजीने उरलेली नाचणी कापून घेतली होती आणि पाहायला काहीच शिल्लक नव्हते. माझा राग गव्यावर नाही, एवढेच म्हणायचे आहे.

गवा सोडून एक गोष्टही लिहितो. आमच्या जुन्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या होत्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि फुलली की सगळा उतार एकदम जांभळा होतो, बी धरून झाडे वाळून जातात. आजी माणसांची वये त्यावर सांगायची. मी “मागल्या कारवीच्या आदल्या साली” जन्मलेला. शाळेच्या दाखल्यावरची तारीख तिला कधीच पटली नाही.

पक्षिनिरीक्षक, सावंतवाडी

मार्च महिना, सकाळी साडेसात. महाधनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि विष्ठा व अन्नाचा चोथा यांनी दार लिंपून केवळ चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, हे वाचलेले होते. प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते असे : प्रथम पंखांचा आवाज, लांबून वाफेचे इंजिन यावे तसा. मग लाल डोळ्यांचा नर खोडाला बिलगून बसला. त्याची चोच रिकामी होती, म्हणून मी निराश झालो. एवढ्यात त्याने मान झटकली आणि घशातून एक उंबर चोचीच्या टोकावर आले. ते फटीत दिले. पुन्हा मान झटकली, दुसरे उंबर. असे करत त्याने एकोणीस फळे दिली. विसावे खाली पडले. त्याने वाकून खाली पाहिले, जरा थांबला, आणि उडून गेला. मी ते फळ उचलायला गेलो नाही, कारण ढोलीच्या जवळ कोणी वावरले की नर यायचे टाळतो आणि आत मादी उपाशी राहते. जागा विचारू नये.

गृहिणी, इचलकरंजी

पावसाआधी काजवे पाहायला गेलो होतो. अर्ध्या तासात दिसले ते समोरच्या गाड्यांचे दिवे आणि मोबाईलच्या विजेऱ्या. शेवटी माझ्या सासूबाईंनी खाली उतरून सगळ्यांना दिवे मालवायला लावले. त्यानंतर हिरड्याचे एक झाड अख्खे, एका तालात, लागत-विझत राहिले. सासूबाई पुढे कितीतरी वेळ कोणाशी बोलल्या नाहीत.

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, गडहिंग्लज

दाट रानाइतकेच रानाच्या मधले उघडे सडे महत्त्वाचे आहेत, हे येथे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. दसऱ्याच्या सुमारास एका सड्यावर गेलो होतो. जांभ्या दगडावर बोटभर माती आणि त्यावर झिरपणारे पाणी. अशा ठिकाणी नत्र मिळत नाही म्हणून तेथल्या काही वनस्पती शिकार करतात. सीतेची आसवे ही निळी-जांभळी नाजूक फुले सर्वांना आवडतात, पण त्यांचा खरा उद्योग पाण्याखाली चालतो. मुळांच्या जागी असलेल्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात आणि जवळून जाणारा सूक्ष्म जीव पाण्यासकट आत ओढला जातो. भिंगातून एका पिशवीत काहीतरी वळवळताना दिसले. शेजारी दवबिंदू नावाच्या दुसऱ्या शिकारी वनस्पतीच्या लाल केसांवर एक चिलट अडकले होते. पांढऱ्या गेंदांच्या गालिच्यात बसून फोटो काढणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी बसल्या जागेखाली चिरडल्या जातात हे कळत नाही. मीही पहिल्या वर्षी बसले होते.

बँक कर्मचारी, कोल्हापूर

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या प्राणीगणनेत मी स्वयंसेविका म्हणून गेले होते. माझ्याबरोबर मचाणावर वनविभागाचे एक वयस्क कर्मचारी होते. मी त्यांना काका म्हणत होते. हाती एक तक्ता, वर ‘गवा’ हा पहिला रकाना. रात्री अकरापर्यंत तो रिकामाच होता. लांबून सांबराची ढोंक ऐकू आली. बारानंतर एक भेकर पाणी पिऊन गेले. मला डुलकी लागत होती.

दोनच्या पुढे काकांनी कोपराने डिवचले. चांदण्यात पाण्याच्या काठावर काहीतरी हलत होते. मला ससा वाटला. पण त्याच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी होत्या आणि पाय पेन्सिलीएवढे बारीक. पिसोरी! हिला हरणांत धरतात, पण ती खऱ्या हरणांच्या कुळातली नाही; शिंगे नाहीतच, नराला सुळे तेवढे असतात. रात्री हिंडणारी आणि कमालीची बुजरी असल्यामुळे तिकडच्या गावांतल्या पुष्कळांनीही ती पाहिलेली नसते. तिने एक पाय उचलून धरला, दोनदा पाण्याला तोंड लावले, आणि पान पडल्याचा आवाज होताच नाहीशी झाली.

सकाळी जीप आली. चालकाने खालूनच विचारले, “गवा किती?” काका म्हणाले, “एक बी न्हाई.” मग ते पाण्याच्या काठाशी जाऊन उकिडवे बसले, चिखलात बराच वेळ शोधत राहिले आणि मला हाक मारून एक ठसा दाखवला. माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा तो जेमतेम मोठा होता. त्यांनी खिशातली काडेपेटी काढून मापाला शेजारी ठेवली आणि म्हणाले, “घ्या ताई, फोटू घ्या. ऊन आलं की हे जातंय.”