हायब्रिड गाडीत पी०ए८० कोड दिसला की थेट नवा बॅटरी पॅक? आधी सेन्सच्या (व्होल्टेज मोजणाऱ्या) तारा बघा की!

वायरमन_कोथरूड

गेल्या महिन्यात एक जुनी जपानी हायब्रिड सेदान माझ्याकडे आली. निकेल-मेटल हायड्राइडचा पॅक, ३४ मॉड्यूल, दोन-दोनच्या १७ जोड्या. आधीच्या वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी०ए८० बघितला आणि मालकाच्या हातात नव्या पॅकचं कोटेशन ठेवलं. त्या कोडचा अर्थच ‘हायब्रिड बॅटरी पॅक बदला’ असा छापलेला आहे, त्यामुळे पुढे कोणी डोकं चालवत नाही.

मी जोड्यांचे व्होल्टेज काढले. पंधरा जोड्या १५.७ च्या आसपास. नववी १४.३, दहावी १७.१. आता बेरीज करा: ३१.४. म्हणजे दोन धडधाकट जोड्यांची होते तेवढीच! नववी खरंच बसली असती तर दहावी वर कशाला चढली असती? १७ जोड्यांना तारा १८, म्हणजे नववी नि दहावीच्या मधली तार दोघींची सामाईक. तिचा संपर्क बिघडला की एकीचं माप दुसरीच्या पदरात पडतं. गाडी पळवली, ब्रेक मारला, तरी दोघींतला फरक जागचा हलला नाही.

पॅक उघडला. तारेच्या टोकाच्या क्लिपवर हिरवा कळंक, कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवल्यासारखा. सेन्सचा हार्नेस (तारांचा जुडगा) बदलला, गाडी ठणठणीत होऊन गेली. बिल कोटेशनच्या दहाव्या हिश्शाच्याही आत.

माझं म्हणणं एवढंच. ईसीयूने (गाडीच्या कॉम्प्युटरने) सेल बघितलेला नसतो, तारेतून आलेला आकडा बघितलेला असतो. मीटर न लावता पॅक विकणं ही लबाडी आहे.

सर्व्हिस_२२वर्षं

‘लबाडी’ शब्द मागे घ्या, साहेब. एक केस जमली म्हणून धागा काढणं सोपं आहे. दहा-बारा वर्षांच्या पॅकमधली सगळी मॉड्यूल एका वयाची असतात. आज नववीची तार, दिवाळीला चौथीचं मॉड्यूल, शिमग्याला अकरावीचं. दर वेळी गिऱ्हाईक टो करून येणार आणि शिव्या आम्हाला घालणार. त्यापेक्षा गॅरंटीचा पॅक टाकून मोकळं झालेलं बरं.

दुसरं म्हणजे, तुमचं वाचून उद्या कोणी गल्लीतलं पोर पॅक उघडेल. सर्व्हिस प्लग काढला की सगळं मेलं असं लोकांना वाटतं. प्लगने साखळी फक्त मधे तुटते, दोन्ही तुकड्यांत व्होल्टेज जिवंतच असतं. ६० व्होल्ट डीसीच्या वर खेळ नको.

वायरमन_कोथरूड

पोराचा मुद्दा मान्य, ते मी लिहायला हवं होतं. हजार व्होल्टचे हातमोजे, प्लग काढून खिशात, इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं चहा, मग मीटर. अंगठी-घड्याळ काढून. हे जमत नसेल त्याने झाकणाला हात लावू नये.

पण मॉड्यूल दिवाळीला जाणारच म्हणून आज तारेच्या दुखण्यावर पॅक विकायचा? दाढ दुखते म्हणून आलेल्याला कवळी बसवण्यासारखं झालं हे.

मिलिव्होल्ट

बीएमएसचं (बॅटरीच्या सेलवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचं) सर्किट डिझाइन करणं हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून दोघांशीही भांडतो.

वायरमनदादा, तुमची बेरजेची युक्ती झकास, पण ती फक्त तारेचा दोष पकडते. सेल जोडणारी पट्टी असते ना, तिचा नट सैल झाला किंवा खाली गंज आला तर शेजारच्या सेलचा आकडा हलत नाही. एक मिलीओहम वाढला आणि १०० अँपिअर वाहिले की ०.१ व्होल्ट गायब. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आकडा पडतो, ब्रेक मारला की वर उडतो, हुबेहूब म्हाताऱ्या सेलसारखा. मीटरचं टोक एकदा पट्टीवर आणि एकदा सेलच्या खांबावर टेकवल्याशिवाय फरक कळत नाही.

तुटकी तार ओळखायची सोय बऱ्याच चिपमध्ये असते. तारेतून १०० मायक्रोअँपिअर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सोडायचे आणि आकड्यांतला फरक बघायचा. पण अर्धवट गंजून दहा ओहम झालेल्या तारेवर त्याने जेमतेम एक मिलिव्होल्ट हलतो. चिप म्हणते, सगळं ठीक.

आणि २२ वर्षंवाले, तारेचा दोष अंगावर काढला तर तो खरा होतो, निदान बॅलन्सिंगवाल्या (सगळे सेल एका पातळीवर आणणाऱ्या) लिथियम पॅकमध्ये. बीएमएसला एक सेल खोटाच ‘वर’ दिसतो. तो बॅलन्सिंग लावून त्या बिचाऱ्याचा चार्ज रेझिस्टरमध्ये जाळत बसतो. दोन महिन्यांनी तुम्ही मोजाल तेव्हा पॅक खरोखर असमतोल झालेला असेल आणि तुम्ही म्हणाल, बघा, सेलच गेलाय!

सर्व्हिस_२२वर्षं

हे माहीत नव्हतं. पण मग बिघाड आधी कशाचा होता ते मी वर्कशॉपमध्ये कसं ठरवू? वेळ कोण देतो?

नाशिक_टॅक्सी

मधेच घुसतो, माफी. माझी इलेक्ट्रिक टॅक्सी आहे, लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक. ३५ टक्के दाखवत असताना घाट चढायला लागलो की टर्टल (ताकद कमी करणारा मोड) लागतो. भाच्याच्या ब्लूटूथ डोंगलवर सेलचे आकडे दिसतात. गॅरंटी अजून चालू आहे. वायरमनदादा, पुण्याला आणू का?

वायरमन_कोथरूड

अजिबात नको. गॅरंटीतल्या पॅकचं सील मी तोडलं तर तुमची गॅरंटी आणि माझी झोप दोन्ही जाईल. तीन आकडे काढा: उभ्या गाडीत, घाटात दाबून, उतारावर ब्रेक मारताना. अँपिअरही लिहा. आणि १२ व्होल्टची बॅटरी तपासून घ्या, ती बसली तरी काहीबाही कोड येतात.

नाशिक_टॅक्सी

१२ व्होल्टची नवीच आहे. उभ्या गाडीत सगळे ३.२९, फक्त ४१ नंबर ३.२८. चढावर १५० अँपिअरला बाकीचे ३.१२, ४१ नंबर २.८१. उतारावर ६० अँपिअर परत जाताना बाकीचे ३.३६, ४१ नंबर ३.४७. ४० आणि ४२ बाकीच्यांसारखेच.

वायरमन_कोथरूड

शेजारी हलले नाहीत. तार नाही. हरलो.

मिलिव्होल्ट

थांबा. उभ्या गाडीतला ०.०१ चा फरक वजा करा. चढावर ०.३० जास्तीचा, भागिले १५०, झाले २ मिलीओहम. उतारावर ०.१२ भागिले ६०, पुन्हा २ मिलीओहम. दोन्ही दिशांना इतका सरळ हिशेब म्हणजे माझा संशय पट्टीच्या नटावर. सेलही असू शकतो, पण पैज नटावर. आणि हे गरम होणारं दुखणं आहे, घाट बंद करा.

सर्व्हिस_२२वर्षं

गाडी सेंटरला लावा. हेच आकडे तारखेसह लिहून जॉबकार्डला जोडायला लावा, आणि पट्टीवर नि खांबावर वेगळं मोजून द्या असं लेखी मागा. नाही म्हणाले तर मला मेसेज करा, काय लिहायचं ते सांगतो.

वायरमन_कोथरूड

आणि नट निघाला तर कळवा हो. मिसळ माझ्याकडून, पण नाशिकला येऊन.