इमॅजिकाच्या नायट्रो कोस्टरला परत जायचं की हैदराबादच्या वंडरला पार्कातल्या रिकॉइल कोस्टरला? सोलापूरहून दोन्हीकडं सारखंच लांब, कुणीतरी नीट सांगा

होटगी_रोडचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. 2013 ला खोपोलीचं ते पार्क नवीन उघडल्तं तेव्हा आम्ही कॉलेजची सात पोरं गेल्तो, तेव्हा अ‍ॅडलॅब्स इमॅजिका म्हणायचे त्याला. नायट्रोत बसायच्या आधी चपला काढून ठेवा म्हणून सांगितल्तं, आमच्यातल्या एकानं ऐकलं न्हाई आणि एका चपलेवर सोलापूरला परत आला, अजून त्याला त्याच नावानं हाक मारतो आम्ही. त्यानंतर नोकरी, लग्न, लोन, परत कधी जाणं झालंच न्हाई.

आता भाचीला बारावं लागलंय. यंदा गड्ड्यात (सिद्धेश्वराच्या जत्रेत) होम मैदानावर ड्रॅगन ट्रेनमध्ये बसवलं तर उतरल्यावर म्हणती मामा ही तर रिक्षा हाय. आकाश पाळण्यात वर गेल्यावर मी डोळे मिटून सिद्धेश्वराचं नाव घेत होतो आणि ही खाली वाकून आमची गाडी कुठं लावलीय ते शोधत होती. तर तिला आता खरा कोस्टर पाहिजे. युट्यूबवर बघून कोस्टर बनवणाऱ्या कंपन्यांची सगळी नावं पाठ आहेत, बी अँड एम काय, वेकोमा काय, माझ्यापेक्षा जास्त कळतं.

विचारायचं एवढंच की इमॅजिका आता आधीसारखं राहिलंय का, मालक बदलले असं ऐकलं, आणि नायट्रो अजून तसाच आहे का? का सरळ हैदराबादला वंडरलाला जाऊ? गाडी घेऊन जाणार, मी, बायको, भाची आणि आई (आई कशातच बसणार न्हाई पण येणार हे नक्की).

उमरगा_चौक

मामा, हैदराबाद करा डोळे झाकून. मी चारदा जाऊन आलो. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, संगारेड्डी असा सरळ 65 नंबरचा हायवे आहे, पहाटे चारला निघायचं, हुमनाबादला इडली हाणायची आणि पुढं रिंग रोडला लागायचं. फक्त एक लक्षात ठेवा, वंडरला एक्झिट 13 ला आहे, रावीरालजवळ. म्हणजे पटनचेरूकडून चढलात की अर्ध्या हैदराबादला वळसा घालून जावं लागतं, म्याप बघून हैदराबाद आलं आलं करत आई खूश होतील आणि त्याच्यानंतरही बराच वेळ गाडीतच बसाव लागंल.

तिथलं पार्क 2016 चं आहे. रिकॉइल म्हणजे वेकोमाचं बूमरँग मॉडेल, भाचीला माहीत असेलच. हे नायट्रोसारखं गोल फिरून येत न्हाई, एका टोकाला पाठमोरं वर ओढत नेतात, तुम्हाला जमीन दिसत असते खाली, आणि सोडून देतात. मग तीन उलट्या (म्हणजे डोकं खाली पाय वर) होतात आणि दुसऱ्या टोकाला वर चढून थांबतं एक क्षण. आणि मग तेच सगळं उलटं. म्हणजे तीन जाताना तीन येताना, सहा. येताना पुढचं काहीच दिसत न्हाई त्यामुळं पोट कुठं जातंय कळत न्हाई. नायट्रो मोठा आहे मान्य, पण उलटं जायची मजा तिथं न्हाई.

आणि एकाच तिकिटात वॉटर पार्क पण. खोपोलीला वॉटर पार्कचं वेगळं पडतं.

पेठेत_राहतो_सोलापूरचा_आहे

@उमरगा_चौक भाऊ तुम्ही दरवेळी वंडरलाचंच तुणतुणं वाजवता 😄 मामांनी इमॅजिकाबद्दल विचारलंय, ते तरी सांगा आधी.

मामा, मी पुण्यात आहे त्यामुळं जाणं होतं वर्षाआड. तुम्ही गेलात तेव्हापासून बराच फरक पडलाय. तुमच्या वेळी फक्त थीम पार्क होतं, 2014 ला वॉटर पार्क झालं, नंतर नोवोटेल झालं, 2016 ला स्नो पार्क. मालकाचं म्हणाल तर आधी मनमोहन शेट्टींचं होतं, अ‍ॅडलॅब्सवाले, ते नाव गेलं, आणि 2022 पासून संगमनेरचे मालपाणी प्रवर्तक आहेत. तेच ते गाय छापवाले. लोणावळ्याचं वेट अँड जॉय, शिर्डीचं वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे पण त्यांचंच. आमच्या आजोबांनी हयातभर ज्यांची पुडी मळली त्यांच्या पाळण्यात आता नातू बसतोय, काय बोलायचं.

पण मालक कुणीही असूदे, नायट्रोचा रूळ तोच आहे. 40 मीटर उंची, 105 चा स्पीड, पाच उलट्या. फ्लोअरलेस, म्हणजे एका रांगेत चौघं बसलात की पायाखालची फळी निघून जाते आणि तंगड्या लोंबकळत राहतात (म्हणून तर चपला काढायला लावतात, तुमच्या मित्राला सांगा). बी अँड एमचं बांधकामच असं असतं की वर्षं गेली तरी खडखडाट कमी. स्वस्तातल्या कोस्टरला पाचसात वर्षांत डोकं असं आपटायला लागतं की उतरल्यावर मानेला बाम चोळावा लागतो.

भाचीसाठी अजून एक, डीप स्पेस सोडू नका. अंधारात आहे, रूळ कुठं वळतोय दिसतच न्हाई, पहिल्यांदा बसणाऱ्याला नायट्रोपेक्षा त्याचीच भीती जास्त वाटती. तिला आधी गोल्ड रश मध्ये बसवा, मग डीप स्पेस, मग नायट्रो. एकदम नायट्रोवर न्यायचं आणि पोरीनं नको म्हणलं तर दिवस गेला.

सम्राट_चौक_ट्यूशन

स्पीडचा विषय निघालाच आहे तर मास्तरकी करू द्या थोडी. नायट्रोसारख्या साखळीच्या कोस्टरला इंजिन नसतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. साखळीनं वर ओढून नेतात तेवढीच काय ती मोटर, पुढचं सगळं उंचीचं काम. 40 मीटरवरून खाली सोडलं तर दोन गुणिले 9.8 गुणिले 40 याचं वर्गमूळ, 28 मीटर सेकंदाला, म्हणजे ताशी शंभरच्या जरा वर. जाहिरातीतला आकडा आणि वहीतला आकडा इतका जवळ येतो असं फार कमी ठिकाणी होतं, मी दहावीच्या पोरांना हेच गणित घालतो, मन लावून सोडवतात. गाडीचं वजन विचारलं न्हाई म्हणून पोरं गोंधळतात, पण वजन लागतच न्हाई त्यात.

वर चढताना जो टकटकटक आवाज येतो तो साखळीचा नसतो बरं का. गाडीच्या खालचा खिळा रुळाच्या दात्यांवरून उड्या मारत जातो त्याचा असतो, साखळी तुटली तरी गाडी मागं घसरू नये म्हणून. भाचीला हे आधीच सांगा, त्या आवाजानंच अर्धी माणसं घाबरतात आणि तो आवाज तर धरून ठेवणाऱ्याचा आहे.

आणि उलटी गोल का नसते, थेंबासारखी का असते? 1895 ला अमेरिकेत कोनी आयलंडवर एकदम गोल उलटीचा कोस्टर केला होता, फ्लिप फ्लॅप नावाचा, माणसांच्या माना दुखावल्या. गोल वर्तुळात वर जेमतेम पोचायचं म्हणलं तरी तळाला वजनाच्या सहापट दाब येतो, वहीत काढून बघा. म्हणून आता वरचा भाग घट्ट आणि खालचा पसरट ठेवतात. 1976 ला कॅलिफोर्नियातल्या रिव्होल्यूशन नावाच्या कोस्टरला श्टेंगल या जर्मन इंजिनिअरनं ते गणित बसवलं आणि तिथून पुढं उलट्यांचा सुकाळ झाला.

पुढं बसावं का मागं यावर भांडू नका. पुढची रांग उतारावर लोंबकळून थांबती कारण मागचे डबे अजून चढत असतात, त्यामुळं दिसतं सगळं. मागची रांग टोकावर येईपर्यंत पुढच्यांनी वेग धरलेला असतो, ती खेचून फेकली जाते, सीटवरून उचललं जाणं मागंच जास्त.

गड्डा_फॅन_68

सर तुम्ही आमच्या वेळी का नव्हता बे, फिजिक्सला 36 पडले मला 😭

बाकी तुम्ही सगळे इमॅजिका वंडरला करालात, एस्सेल वर्ल्डला कुणी आठवंना का? आमची नववीची सहल गेल्ती, रात्रभर लाल डब्यात, पहाटे मुंबई, मग बोटीनं गोराई. समुद्र पहिल्यांदा तिथंच बघितला आम्ही निम्म्या पोरांनी, कोस्टर दुसऱ्या नंबरला. झायक्लोनमध्ये तीनदा बसलो आणि चौथ्यांदा जाताना बाईंनी कान धरला. 1989 ला सुरू झाल्तं, 2022 ला बंद. वॉटर किंगडम चालू आहे शेजारचं, पण ते काय ओ, पाणीच की. टीव्हीवरची ती जाहिरात अजून कुणी गुणगुणली की माझा मुलगा विचारतो हे कुठं आहे पप्पा, आणि काय सांगायचं.

तिकडं अमेरिकेत पण तेच चाललंय. 139 मीटरचा 'किंगडा का' नावाचा कोस्टर, जगातला सगळ्यात उंच होता, तो 2025 च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. व्हिडिओ बघून वाईट वाटलं लका, आपण कधी बसणार नव्हतो तरी.

जुळे_सोलापूर_वहिनी

मामा, मजेचं सगळ्यांनी सांगितलं, भीतीचं मी सांगते. मागच्या वर्षी एका पार्कात (कुठलं ते सांगत न्हाई, उगाच वाद नको) पाऊण तास उन्हात उभारलो, बसलो, गाडी साखळीवर निम्मी चढली आणि थांबली. बारा पंधरा मिनिटं. माझ्या शेजारी एक आजी म्हणाव्या अशा बाई होत्या, त्या हनुमान चालिसा म्हणायल्या आणि माझे मिस्टर खालून फोटो काढालेत. मग कडेच्या पायऱ्यांवरून एकेकाला उतरवलं. कुणी काही बोलेना, काय झालं विचारलं तर सेन्सर मॅडम एवढंच.

तेव्हापासून मी बसलेच न्हाई. सर, ते धोक्याचं होतं का ओ?

सम्राट_चौक_ट्यूशन

वहिनी, तुम्हाला राग येईल पण गाडी थांबली म्हणजे यंत्रणा काम करत होती. रुळाचे भाग पाडलेले असतात, रेल्वेच्या सिग्नलसारखेच. पुढच्या भागात गाडी असेल, न्हाई तर तिथला सेन्सर नीट बोलत नसेल, तर मागची गाडी आत सोडतच न्हाईत, ती आपोआप थांबती. आणि थांबायची जागा पण ठरलेली, चढावर न्हाई तर ब्रेकवर, जिथं पायऱ्या असतात. म्हणून तुम्हाला पायऱ्या सापडल्या. उलटीच्या मधोमध पायऱ्या कधी बघितल्या का?

पण कुणीतरी दोन शब्द नीट बोलायला पाहिजे होतं हे मात्र खरं. त्यात तुमचं काही चुकलं न्हाई.

जुळे_सोलापूर_वहिनी

बरं. म्हणजे बसू म्हणता. मिस्टरांना आधी बसवते.

उमरगा_चौक

मामा निर्णय काय मग? पावसाळ्यात जाणार असाल तर खोपोली नकोच, तिथला पाऊस म्हणजे आपल्या अख्ख्या वर्षाचा दोन दिवसांत. वीज चमकायला लागली की मोठे पाळणे बंद ठेवतात, ठेवायलाच पाहिजेत. हैदराबादला त्या मानानं बरं.

पेठेत_राहतो_सोलापूरचा_आहे

हे मात्र बरोबर बोललात, पहिल्यांदाच 😄 पाऊस संपल्यावर या मामा, नवरात्र झाल्यावर, शाळेच्या सहली चालू व्हायच्या आधी मधल्या वारी. टेंभुर्णी इंदापूर भिगवण असं या, भिगवणला मासे खा, पुण्यात माझ्याकडं मुक्काम करा, सकाळी आठला निघालो तरी दार उघडायच्या आत पोचतो. आईंना स्नो पार्कमध्ये बसवू, सोलापूरच्या माणसाला बर्फ म्हणजे कसं, गोळ्याच्या गाडीवरच बघितलेला.

आणि एक विसरलोच, भाचीची उंची मोजून घ्या आधी. मोठ्या कोस्टरला 140 सेंटीमीटरच्या आसपास पट्टी असती बहुतेक ठिकाणी, तुम्ही जाल त्या पार्कच्या साइटवर नेमकं बघा. दारात पोरगं रडताना बघवत न्हाई.

होटगी_रोडचा_मामा

सगळ्यांचे आभार. सर, तुमचं टकटकवालं भाचीला वाचून दाखवलं तर म्हणती मला माहीत होतं. वर्गमूळ मात्र काढत बसलीय.

पेठेतले भाऊ, मुक्कामाला नक्की येतो, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन येतो. आईला बर्फाचं सांगितलं तर तिनं आत्तापासून स्वेटर शोधायला काढलाय, बाहेर 42 डिग्री आहे.

पण अडलंय उंचीवर. आत्ता दाराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलीनं खूण केली, आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं, 138 भरली. ती म्हणती वर अंबाडा बांधला की 142.

गड्डा_फॅन_68

अंबाडा दाबून मोजतात बे ते 😂 शेंगाची चटणी तिलाच चारा दिवाळीपर्यंत