नोकरी म्हणजे गुलामी? जरा दमानं घ्या

पानगळ: 'नोकरी म्हणजे गुलामी. खऱ्या इंजिनियरने फ्रीलान्स करावं, मग प्रॉडक्ट काढावं, झोपेतही पैसे येतात.' हे ज्ञान वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. फ्रीलान्स केलं, सल्लागारी केली, स्वतःचं सॉफ्टवेअर विकलं; सध्या पगारावर आहे आणि सुखात आहे. झोपेत पैसे नाही, सर्व्हर पडल्याचे मेसेज येतात. फ्रीलान्समधला निम्मा वेळ कोटेशन, पाठपुरावा आणि 'एवढंसंच तर बदलायचंय' ऐकण्यात जातो. त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं? तासाचा दर महिन्याच्या सगळ्या तासांना लावून हरखणाऱ्यांनी आधी वर्षभर वसुली करून दाखवावी.

सर्किट: तुम्हाला विकता आलं नाही, यात धंद्याचा काय दोष? तासावर काम घ्यायचंच कशाला? जितकं काम झटपट उरकाल, तितके पैसे कमी! ठोक भाव सांगा.

मिस्त्री: ठोक भाव म्हणे! दोन रिपोर्ट ठरले होते, शेवटी अख्खं हिशेबाचं पॅकेज करून घेतलं. शेवटचा हप्ता अजून 'अकाउंट्सकडे पाठवलाय'. ॲडव्हान्सशिवाय कीबोर्डला हात लावू नये.

उंटावरचा: ओपन सोर्स, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं असं खुल्या कोडचं सॉफ्टवेअर, कुणालाच आठवलं नाही? चांगलं काम करा, लोक आपणहून देणग्या देतात.

पानगळ: देतात ना! ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपन सोर्स कोडवर जगभरातल्या वेबसाइट्स विसंबून होत्या आणि देणग्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं मोठं भगदाड निघालं तेव्हा कंपन्यांना खिसे सापडले. २०२१ मध्ये लॉग४जे, प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणारा असाच फुकट कोड, त्यातही भगदाड. तीच कथा, राबणारे बहुतेक स्वयंसेवक.

उंटावरचा: सोयीची उदाहरणं शोधायला हुशार आहात. एसक्यूलाइट हा डेटाबेस २००० पासून चालू आहे, कोड फुकट, लायसन्सची कटकटसुद्धा नाही. कंपन्या सपोर्टचे आणि सदस्यत्वाचे पैसे मोजतात.

सर्किट: म्हणजे देणगी नव्हेच, सपोर्ट विकला. स्वतःच स्वतःला खोडलंत, आभार!

उंटावरचा: विकलंच! कोड फुकट असूनही पोट भरतं, एवढंच म्हणतोय. वाचता येत नसेल तर वाद कशाला घालता?

सर्किट: वाचता येतं म्हणूनच इलास्टिकसर्च या शोध घेणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं माहीत आहे. तोच कोड क्लाउडवाले, म्हणजे भाड्याने सर्व्हर देणारे, सेवा म्हणून विकू लागले, तेव्हा २०२१ मध्ये कंपनीला लायसन्स बदलून बंधनं घालावी लागली. आणि २०२४ मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्स! कोड वाटणं सोपं, गिऱ्हाईक राखणं अवघड.

पानगळ: बरं, गिऱ्हाईक राखता येणाऱ्या थोर विभूतींनी खुशाल नोकरी सोडावी. बाकीच्यांना गुलाम म्हणू नये, एवढी कृपा करा.

मिस्त्री: तुमची लायसन्सं चालू द्या. माझा अडकलेला हप्ता सुटेपर्यंत सोर्सकोड अडवून धरता येईल का?

सर्किट: पूर्ण पैसे मिळाल्यावरच कोडचे हक्क त्यांच्याकडे जातील, असं करारात लिहिलंय?

मिस्त्री: करार? ओळखीतलं काम होतं हो.