कुत्र्यांचा चोरटा मांसव्यापार : सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

गोदाकाठ (नांदेड जिल्हा) :
आमच्या तालुक्याच्या गावी मोकाट कुत्र्यांच्या उपद्रवावर बैठक झाली, तेव्हा एका सदस्याने ‘ट्रक भरा आणि ईशान्येकडे धाडा, तिकडे भाव मिळतो’ असा तोडगा सुचविला आणि सभागृह हसले. मार्च २०२३ मध्ये आमदार बच्चू कडू यांनी विधानसभेत आसामचे नाव घेऊन असेच विधान केले होते. त्यावरून आसामच्या विधानसभेत गदारोळ झाला आणि पुढे कडू यांनी दिलगिरी व्यक्त केली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या सदस्याने नकळत एका बेकायदा धंद्याची पहिली पायरीच सांगितली होती आणि ती पायरी पालिकेच्या गाडीची होती.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे पकडलेल्या कुत्र्याची नोंद ठेवून, निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला पकडल्या जागीच सोडावे लागते. शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांपुरता सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला, पण त्यातही कुत्रे निवारा केंद्रात न्यायचे आहेत. म्हणजे फासा पडल्यापासून त्या जिवाचा हिशेब मुख्याधिकाऱ्यांकडे असतो. तोंडे बांधून पोत्यांत कोंबलेल्या कुत्र्यांची जी छायाचित्रे २०२० मध्ये नागालँडमधील दिमापूरच्या बाजारातून देशभर फिरली, ती पाहून आपण ‘तिकडच्या लोकांच्या सवयी’ म्हणून मोकळे होतो. पण कुत्रे पकडणाऱ्याकडे, वाहतुकीकडे आणि बाजाराकडे ज्या त्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने कानाडोळा केल्याशिवाय अशी पोती राज्याची हद्द ओलांडत नाहीत.

कोरडवाहू (भूम) :
गोदाकाठभाऊ, ‘बेकायदा’ हा शब्द आपण फार सहज वापरलात. नागालँड सरकारने जुलै २०२० मध्ये कुत्र्यांची व्यापारी आयात, बाजार आणि मांसविक्री बंद केली. नोव्हेंबरमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा पीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि जून २०२३ मध्ये तो रद्दच केला. न्यायालयात गेलेले व्यापारी चोर नव्हते, त्यांच्याकडे कोहिमा नगर परिषदेचे परवाने होते. नागा समाजात हे मांस पूर्वापार खाल्ले जाते, याचीही न्यायालयाने दखल घेतली. दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याचा सोस आम्हाला चांगला परिचयाचा आहे. २०१५ मध्ये आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत वाढली, तेव्हापासून दुष्काळी वर्षात थकलेला बैल बाजारात नेऊन संध्याकाळी तसाच परत दावणीला बांधणे म्हणजे काय, हे भूम-परांड्याच्या शेतकऱ्याला विचारा. निर्णय मुंबईत होतो आणि तोंड द्यावे लागते ते बाजार समितीच्या कारकुनाला नाहीतर हवालदाराला.

एक वकील (छत्रपती संभाजीनगर) :
कोरडवाहूदादा, निकाल आपण सांगितलात, पण त्याचे कारण गाळलेत आणि या धाग्याचा विषय तर त्या कारणातच आहे. बंदीचा आदेश मुख्य सचिवांनी काढला होता. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३० प्रमाणे अन्नपदार्थावर बंदी घालण्याचा अधिकार अन्न सुरक्षा आयुक्तांना आहे आणि तोही जास्तीत जास्त एक वर्षासाठी. याच कायद्याखालील २०११ च्या विनियमांतील मांसासाठीच्या प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा नाही हे खरे. परंतु तेवढ्या आधारावर मुख्य सचिवांना अशी बंदी घालता येत नाही, त्यासाठी कायदा करावा लागेल, असे न्यायालयाचे मत पडले. मिझोरामने मार्च २०२० मध्ये हा रस्ता धरला आणि कायदा बदलून कत्तलीयोग्य प्राण्यांच्या यादीतून कुत्रा वगळला. चुकीच्या खुर्चीतून निघालेला आदेश हाही बेजबाबदारपणाच आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

आपल्याकडे तर परवान्याचाच आधार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला मारण्यास वा जायबंदी करण्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तरीही पोलीस ठाण्यात बऱ्याचदा फक्त १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ लावतात आणि त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे! कोणते कलम लावायचे हे ठाणे अंमलदार ठरवतो, मंत्री नव्हे.

निवृत्त पशुधन अधिकारी (परभणी) :
वकीलताईंचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे, परंतु मी काही वर्षे पहाटे कत्तलखान्यात शिक्के मारण्याचे काम केले आहे, त्यामुळे थोडी पुस्ती जोडतो. कापण्यापूर्वी जनावर तपासायचे, कापल्यावर पुन्हा तपासायचे आणि मगच शिक्का उमटवायचा, ही पद्धत नीट चालली तर बिनशिक्क्याचे मांस आपोआप वेगळे दिसते. मात्र अधिकारी जागेवर नसला की त्याची जागा अफवा घेते. जुलै २०२४ मध्ये राजस्थानातून बंगळुरूच्या रेल्वे स्थानकावर आलेले मांस कुत्र्याचे आहे म्हणून मोठा गोंधळ झाला, कारण काय, तर शेपूट लांब दिसली. प्रयोगशाळेच्या तपासणीत ते शेळीमेंढी वर्गातलेच निघाले. तोवर व्यापाऱ्याची बदनामी व्हायची ती होऊन गेली होती. म्हणून अधिकाऱ्यांना जबाबदार धरा, जरूर धरा. पण नमुना घेण्याआधी जमाव जमविणाऱ्यांनाही तोच नियम लावा.

गोदाकाठ :
डॉक्टरसाहेब, मान्य. कोरडवाहूभाऊ, आपल्या बैलाचे दुःख मी नाकारत नाही. परंतु बैल आपला असतो. दारासमोर झोपलेले कुत्रे रात्री उचलून नेणाऱ्याचे ते नसते. कोणी काय खावे, हा माझा प्रश्नच नाही.

कोरडवाहू :
चोरीपुरते मी तुमच्याबरोबर आहे. तरी एक विचारतो. दक्षिण कोरियाने जानेवारी २०२४ मध्ये कुत्र्याच्या मांसावर बंदीचा कायदा केला, पण तो लागू व्हायला तीन वर्षांची मुदत दिली, व्यावसायिकांना स्थानिक प्रशासनाकडे नोंद करून धंदा बंद करण्याचा आराखडा द्यायला सांगितले आणि खाणाऱ्याला गुन्हेगार ठरविले नाही. तिथे स्थानिक अधिकाऱ्याच्या हाती काठीबरोबर मदतीची तरतूदही दिली. आपल्या मुख्याधिकाऱ्यांकडे निर्बीजीकरणाला पुरेसे पैसे नाहीत, डॉक्टर नाही, पिंजरे नाहीत. त्यांना आपण नेमके कशाबद्दल धरणार?

गोदाकाठ :
नोंदवहीबद्दल. तिला पैसे लागत नाहीत. गेल्या वर्षी किती कुत्री पकडली, किती शस्त्रक्रिया झाल्या आणि किती पकडल्या जागी सोडली, हे तीन आकडे मी माहितीच्या अधिकारात मागितले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक निघाला, तर ती कुत्री कोठे गेली हे पुढच्या बैठकीत त्याच सदस्याच्या समोर विचारीन.